बाजूनं चाल करून जगज्जेत्याला हरवणारा रिचर्ड रेटी

मोबाईलवर बुद्धिबळ खेळणाऱ्या पोरांना 'रेटी ओपनिंग' हे नाव स्क्रीनवर दिसतं. पण हा रेटी कोण, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

रिचर्ड रेटीचा जन्म २८ मे १८८९ रोजी पेझिनोक या गावी झाला. तेव्हा तो मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात होता, आज स्लोव्हाकियात आहे. व्हिएन्नात तो गणित शिकत होता, पण जीव रमला तो पटावर.

त्या काळी जाणकार सांगायचे, की सुरुवातीलाच मधली प्यादी दोन घरं पुढं टाका आणि पटाचा मध्य धरून बसा. रेटीचं म्हणणं वेगळं होतं. मध्यात प्यादी उभी केली की समोरच्याला आयतंच निशाण मिळतं. त्यापेक्षा मोहरे बाजूला लावा आणि मध्यावर लांबून मारा ठेवा. शेतात न उतरता बांधावरून सगळ्या सऱ्यांवर नजर ठेवावी, तसंच हे.

या विचाराची परीक्षा २२ मार्च १९२४ ला न्यूयॉर्कच्या स्पर्धेत झाली. समोर होता क्युबाचा जगज्जेता कॅपाब्लांका. आठ वर्षांत त्याला कुणी हरवलं नव्हतं. रेटीनं पहिली चाल घोड्याची केली. मग बाजूची प्यादी सरकवून दोन्ही उंट लांब तिरप्या रेषांवर बसवले. वजिरापुढचं प्यादं चौथ्या घरात नेलं ते थेट सोळाव्या चालीला. तोवर सगळी तयारी झाली होती. मधली पट्टी मोकळी झाली, दोन्ही हत्ती तिथं एकामागे एक उभे राहिले, आणि ३१ व्या चालीनंतर कॅपाब्लांकानं हार मानली.

ती स्पर्धा मात्र लास्करनं जिंकली. रेटी पाचवा आला. पण लोकांच्या ध्यानात राहिला तो त्याचा डाव.

१९२५ साली ब्राझीलच्या साओ पावलोत त्यानं पटाकडं न बघता एकाच वेळी २९ डाव खेळले. २१ जिंकले, ६ बरोबरीत सुटले, फक्त २ हरला.

६ जून १९२९ ला प्रागमध्ये स्कार्लेट फीवर या तापानं तो गेला. या रोगावर आज औषध आहे, तेव्हा नव्हतं. चाळिसावा वाढदिवस होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते.

तुमच्यासमोर कुणी पहिलीच चाल घोड्याची केली, तर घाबरला म्हणून हसू नका. आधी आपला राजा सांभाळा.