डॉ. रॉबर्ट मॉरिसन : एका शब्दाची जोखीम

मराठी पवित्र शास्त्रात ‘देव’ हा शब्द आपण सहज वाचतो. चिनी भाषेत मात्र याच शब्दासाठी देवाच्या सेवकांना फार विचार करावा लागला. त्या देशातील पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी डॉ. रॉबर्ट मॉरिसन यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

त्यांचा जन्म ५ जानेवारी १७८२ रोजी इंग्लंडात नॉर्थम्बरलंड येथे झाला. तरुणपणी ते वडिलांच्या हाताखाली बुटांचे लाकडी साचे करीत. लंडन मिशनरी सोसायटीने पाठविल्यावरून सप्टेंबर १८०७ मध्ये ते चीनला पोहोचले. परक्यास चिनी भाषा शिकविणाऱ्याला तेथे देहदंडाची भीती असे. त्यांचे शिक्षक जीव मुठीत धरूनच येत. १८०९ साली ईस्ट इंडिया कंपनीत दुभाष्याचे काम मिळाले, म्हणून त्यांचा तेथे टिकाव लागला.

पंडितांची ग्रंथभाषा सामान्यांस कळेना आणि बाजारची बोली शास्त्रास शोभेना. मॉरिसन यांनी मधला मार्ग धरला. पण देवाला काय म्हणावे? ‘शेन’ म्हणजे देव खरा, परंतु अनेक देवता व आत्मे यांनाही तोच शब्द. ‘शांग-ती’ हे प्राचीन ग्रंथांतील परमश्रेष्ठ अधिपतीचे नाव. रोमन कॅथोलिक मंडळी ‘तिएन-चू’, म्हणजे स्वर्गाचा प्रभू, असे म्हणत. चुकीचा शब्द पडला तर ऐकणारा भलत्यालाच नमन करील, अशी ही जोखीम होती. मॉरिसन यांनी मुख्यतः ‘शेन’ हा शब्द घेतला.

१८१४ साली, सात वर्षांच्या श्रमांनंतर, त्यांनी पहिला बाप्तिस्मा दिला. विल्यम मिल्न यांच्या साहाय्याने केलेले संपूर्ण शास्त्र १८२३ मध्ये मलाक्का येथे छापून झाले. त्यांचा सहा खंडांचा चिनी-इंग्रजी शब्दकोशही त्याच वर्षी पुरा झाला. ज्या श्रीरामपुराहून १८११ साली मराठी नवा करार निघाला, तेथेही मार्शमन यांनी १८२२ मध्ये चिनी शास्त्र छापले होते.

१ ऑगस्ट १८३४ रोजी मॉरिसन प्रभूमध्ये निजले. त्यांची कबर मकाव येथे आहे. पुढे १८४० नंतर या शब्दावरून मिशनऱ्यांत मोठा वाद झाला. १९१९ चे चिनी भाषांतर आजही ‘शेन’ व ‘शांग-ती’ अशा दोन्ही आवृत्त्यांत मिळते, आणि दोन्ही वाचणारे एकाच पित्याची प्रार्थना करतात.

आम्हांस वाटते, शब्द विचारपूर्वक निवडावा हे खरेच. पण त्यात खरा अर्थ भरतो तो मंडळीच्या साक्षीने. आपल्या तोंडी ‘देव’ शब्द येतो, तेव्हा शेजाऱ्याला त्यातून कोणाची ओळख होते, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.