कृषिशास्त्रज्ञ डॉ. बेंजामिन पियरी पाल

संशोधकाने प्रयोगशाळा सोडून प्रशासनाची सूत्रे हाती घ्यावीत, यात विज्ञानाची हानीच होते असे पुष्कळदा मानले जाते. डॉ. बेंजामिन पियरी पाल यांचे चरित्र या समजुतीला छेद देणारे आहे.

पाल यांचा जन्म २६ मे १९०६ रोजी पंजाबातील मुकंदपूर येथे झाला. वडील ब्रह्मदेशात डॉक्टर असल्यामुळे त्यांचे बालपण व शिक्षण तिकडेच झाले. रंगून विद्यापीठातून वनस्पतिशास्त्राचे अध्ययन पुरे करून ते केंब्रिजला गेले आणि गव्हाच्या संकरावरील संशोधनाबद्दल त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १९३३ मध्ये ते बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत रुजू झाले. पुढच्याच जानेवारीत भूकंपाने संस्थेची वास्तू उद्ध्वस्त केली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीस आली.

त्या काळी गव्हाचा मोठा शत्रू म्हणजे तांबेरा. काळा, नारिंगी आणि पिवळा असा त्रिविध स्वरूपाचा हा बुरशीजन्य रोग हाताशी आलेले पीक नाहीसे करी. औषधफवारणी सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची असल्याने रोगाला दाद न देणारे बियाणे हाच खरा उपाय होता. पण एका तांबेऱ्यास तोंड देणारे वाण दुसऱ्यास बळी पडे. निरनिराळ्या वाणांतील प्रतिकारशक्ती संकराने एकत्र आणण्याचे काम पाल व त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे करीत राहिले. त्यातून १९५४ मध्ये ‘एन. पी. ८०९’ हे तिन्ही तांबेऱ्यांना प्रतिकार करणारे वाण सिद्ध झाले.

१९५० मध्येच ते संस्थेचे संचालक झाले होते. त्यांच्या कारकीर्दीत, १९५८ मध्ये, संस्थेस विद्यापीठाचा दर्जा लाभला व पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. संशोधन आणि अध्यापन एकाच आवारात नांदू लागले. १९६५ मध्ये ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. विखुरलेल्या केंद्रीय संशोधनसंस्था परिषदेच्या छत्राखाली आल्या आणि पिकागणिक अखिल भारतीय समन्वित योजनांचा विस्तार झाला. एखादे वाण कोणी घडविले यापेक्षा ते निरनिराळ्या प्रांतांच्या मातीत कसे उतरते, याला या पद्धतीत महत्त्व होते.

या पद्धतीची कसोटी लवकरच लागली. एन. पी. मालिकेतील उंच गहू भरपूर खत दिले की लोळत. मेक्सिकोतील बुटके गहू ताठ उभे राहात. १९६६ मध्ये तेथून सुमारे १८,००० टन बियाणे आणले गेले आणि उंच गव्हांचे दिवस सरले. ज्यांनी या गव्हांसाठी आपली उमेद वेचली, तेच त्या वेळी परिषदेच्या शिरोभागी होते. आपल्या वाणांचा अभिमान त्यांनी या परिवर्तनाच्या आड येऊ दिला नाही.

१९७२ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. गुलाब हा त्यांचा आजन्म छंद. ‘दिल्ली प्रिन्सेस’ व ‘बंजारन’ ही त्यांचीच निर्मिती. १४ सप्टेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे गहू आज शेतांत क्वचितच आढळतील. परंतु नव्या वाणांची पारख करणारी जी व्यवस्था त्यांनी दृढ केली, ती त्यांच्या मागेही कार्य करीत राहिली.