बी.एफ. स्किनर

बऱ्हस फ्रेडरिक स्किनर (२० मार्च १९०४ – १८ ऑगस्ट १९९०) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, संशोधक व लेखक होते. वर्तनवादाचे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सर्वांत प्रभावी प्रवर्तक म्हणून ते ओळखले जातात. साधक अभिसंधानाचा सिद्धान्त आणि त्यावर आधारलेले अध्यापन यंत्र ही त्यांची शिक्षणक्षेत्राला मिळालेली देणगी होय. महाराष्ट्रातील अध्यापक विद्यालयांत त्यांचे नाव बहुधा पेटीतील उंदीर आणि कबुतरांच्या संदर्भात शिकवले जाते. विद्यार्थी नेमका कोठे अडखळतो हे पाहून शिकण्याचे साधन पुन्हा पुन्हा घडवण्याची जी पद्धत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली, तिची ओळख मात्र त्या मानाने कमी आहे.

== बालपण व शिक्षण ==

स्किनर यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील सस्क्वेहॅना या रेल्वेच्या लहानशा गावी झाला. वडील विल्यम वकील होते. आईचे नाव ग्रेस. लहानपणापासून त्यांना हातांनी वस्तू बनवण्याचा नाद होता. रानातली एल्डरबेरीची फळे गोळा करून विकताना पिकलेली व कच्ची फळे पाण्याच्या साहाय्याने वेगळी करणारी योजना त्यांनी तयार केली होती. रात्रीचे कपडे खुंटीला अडकवण्याची आठवण करून देणारी एक युक्तीही त्यांनी घरी बसवली होती. त्यांच्या धाकट्या भावाचे सोळाव्या वर्षी मेंदूतील रक्तस्रावाने आकस्मिक निधन झाले.

शाळेतील मेरी ग्रेव्ह्ज या शिक्षिकेने त्यांना साहित्याची व विचार करण्याची गोडी लावली. शिक्षणाविषयीचे आपले प्रमुख पुस्तक स्किनर यांनी पुढे त्यांनाच अर्पण केले. यंत्राने शिकवण्याचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने ते पुस्तक एका शिक्षिकेला अर्पण करावे, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. यंत्राने शिक्षकाची जागा घ्यावी असे त्यांनी कधी मानले नाही.

हॅमिल्टन महाविद्यालयातून १९२६ साली इंग्रजी साहित्याची पदवी घेतल्यावर त्यांनी लेखक होण्याचे ठरवले. कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांनी त्यांच्या कथा वाचून उत्तेजनही दिले होते. परंतु स्क्रॅन्टन येथे आईवडिलांच्या घरी काढलेल्या एका वर्षात त्यांच्या हातून फारसे काही लिहून झाले नाही. याच काळात बर्ट्रंड रसेल, वॉटसन व पाव्हलॉव्ह यांच्या वाचनाने त्यांचे लक्ष मानसशास्त्राकडे वळले. १९२८ मध्ये ते हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले व १९३१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

== वर्तनाचा अभ्यास ==

प्राण्याने केलेल्या कृतीच्या परिणामावरून ती कृती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते अथवा कमी होते, हा स्किनर यांच्या सिद्धान्ताचा गाभा आहे. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने एक पेटी तयार केली. तरफ दाबली की उंदराला अन्नाची गोळी मिळे आणि प्रत्येक दाबाची नोंद फिरत्या कागदावर चढत्या रेषेने आपोआप होई. गोळ्याही ते स्वतःच बनवत. त्या पुरवून वापराव्या लागल्या, आणि दरवेळी बक्षीस न देताही वर्तन टिकते, किंबहुना अधिक चिवटपणे टिकते, हे त्यांच्या ध्यानी आले. १९३८ मध्ये 'द बिहेवियर ऑफ ऑर्गनिझम्स' हा त्यांचा पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी १९३६ मध्ये ते मिनेसोटा विद्यापीठात रुजू झाले होते. त्याच वर्षी त्यांचा इव्हॉन ब्लू यांच्याशी विवाह झाला. त्यांना ज्युली व डेबोरा या दोन कन्या झाल्या.

दुसऱ्या महायुद्धात क्षेपणास्त्राला लक्ष्याकडे नेण्याचे काम कबुतरांना शिकवण्याचा एक प्रकल्प त्यांनी मिनिॲपोलिस येथील एका पीठगिरणीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर चालवला. कबुतरे पडद्यावरील प्रतिमेवर बिनचूक चोच मारत. परंतु अधिकाऱ्यांना ही कल्पना पटली नाही आणि १९४४ मध्ये प्रकल्प बंद झाला. तेथेच वाट पाहण्याच्या फावल्या वेळात स्किनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कबुतराला चेंडू ढकलायला शिकवण्याचा प्रयत्न केला. पूर्ण कृतीची वाट न पाहता तिच्या दिशेने जाणाऱ्या प्रत्येक लहान हालचालीला लगोलग दाणे दिले, तेव्हा काही मिनिटांत कबुतर चेंडू खेळू लागले. लहान पायऱ्या व तात्काळ प्रतिसाद ही अध्यापन यंत्रामागील दोन्ही तत्त्वे येथे हाती लागली.

== चौथीच्या वर्गातील दिवस ==

११ नोव्हेंबर १९५३ रोजी, पालकांना वर्ग पाहण्याची मुभा असलेल्या दिवशी, स्किनर हे केंब्रिज येथे धाकट्या डेबोराच्या चौथीच्या गणिताच्या तासाला मागे बसले. मुले फळ्यावरची उदाहरणे सोडवत होती. काहींचे झाले होते व ती कंटाळून चुळबुळत होती. काही अजून पहिल्याच उदाहरणाशी झगडत होती. वह्या तपासण्यासाठी गोळा केल्या गेल्या, म्हणजे आपले बरोबर की चूक हे मुलांना दुसऱ्या दिवशीच कळणार होते. शिक्षिकेची यात कसूर नव्हती. वीस-तीस मुलांना एकाच वेळी, एकेकाच्या गतीने आणि पायरीपायरीला उत्तर देणे कोणाही एका माणसाला शक्य नसते. वर्गात उभे राहिलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही.

थोड्याच दिवसांत त्यांनी एक यंत्र जुळवले. खिडकीत उदाहरण दिसे. मूल सरकपट्ट्या हलवून उत्तराचे आकडे मांडी व मग मूठ फिरवी. उत्तर बरोबर असेल तरच मूठ फिरे आणि पुढचे उदाहरण येई. मार्च १९५४ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात त्यांनी या यंत्राचे प्रात्यक्षिक दाखवले व त्याच वर्षी हार्वर्डच्या शैक्षणिक नियतकालिकात त्यामागील विचार मांडला.

असे यंत्र बनवणारे ते पहिले नव्हते. ओहायो राज्य विद्यापीठातील सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकातच चार कळांचे यंत्र तयार केले होते. महामंदीच्या काळात, १९३२ मध्ये, त्यांनी ते काम सोडले. स्किनर यांनी प्रेसी यांचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले, पण पर्यायांतून निवड करण्याच्या पद्धतीला विरोध केला. चुकीचे पर्याय पटण्याजोगे करून विद्यार्थ्यासमोर ठेवणे म्हणजे त्याला चूक शिकवणेच आहे. त्याने उत्तर ओळखू नये, स्वतः रचावे, असा त्यांचा आग्रह होता.

== पाठ घडवण्याची पद्धत ==

पहिले यंत्र आधी शिकवून झालेल्या गोष्टींचा सराव तेवढा करून घेई. खरे काम पुढे सुरू झाले. फोर्ड प्रतिष्ठानाच्या निधीतून हार्वर्डच्या सेव्हर हॉलमध्ये यंत्रांची एक खोली उभी राहिली आणि जेम्स हॉलंड यांच्यासह सहकाऱ्यांनी स्किनर यांच्या वर्तनशास्त्राच्या अभ्यासक्रमाचे पाठ लिहायला घेतले. नव्या यंत्रात तबकडीवर छापलेल्या चौकटी एकेक करून दिसत. विद्यार्थी कागदाच्या पट्टीवर उत्तर लिही, तरफ हलवी. त्याचे उत्तर पारदर्शक झाकणाखाली जाई व शेजारी योग्य उत्तर उघडे पडे. बरोबर आलेल्या चौकटी पुढच्या फेरीत गळत, राहिलेल्या पुन्हा येत.

चौकट कशी लिहायची याचा एक नमुना स्किनर यांनी १९५८ च्या 'सायन्स' या साप्ताहिकातील लेखात दिला आहे. तिसरी-चौथीच्या मुलाला मॅन्युफॅक्चर या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग सहा चौकटींत शिकवायचे. पहिल्या चौकटीत शब्दाचा अर्थ व वापर देऊन तो नुसता उतरवून काढायला सांगितले आहे. दुसरीत शब्दाचा एक भाग फॅक्टरी या ओळखीच्या शब्दाशी जोडला आहे, तिसरीत दुसरा भाग मॅन्युअल या शब्दाशी. चौथी व पाचवी चौकट मुले जेथे हमखास चुकतात तेथे थांबते: दोन जागा रिकाम्या, दोन्हींत एकच अक्षर. सहाव्या चौकटीत मूल संपूर्ण शब्द कोणत्याही आधाराशिवाय लिहिते. आधार द्यावा आणि हळूहळू काढून घ्यावा, हे सूत्र यात स्पष्ट दिसते. फळ्यावरील कवितेची अक्षरे दरवेळी थोडी थोडी पुसत जाऊन ती पाठ करून घेण्याचा त्यांचा प्रयोगही याच जातीचा.

मात्र लिहिलेली चौकट तेथेच संपत नसे. विद्यार्थ्यांच्या उत्तरपट्ट्या गोळा करून कोणत्या चौकटीवर किती जण चुकले हे पाहिले जाई. जेथे पुष्कळ जण चुकले तेथे दोष विद्यार्थ्याचा न मानता चौकटीचा मानला जाई आणि ती बदलली जाई. सुधारलेल्या पाठांवर विद्यार्थ्यांच्या चुका बऱ्याच घटल्या. हे पाठ हॉलंड व स्किनर यांनी १९६१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. आपल्याकडील शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ही पद्धत क्रमान्वित अध्ययन या नावाने येते; तेथे चौकटींचे प्रकार तपशिलाने दिलेले असतात, पण चाचणी घेऊन चौकट बदलण्याचा भाग, जो सर्वांत कष्टाचा होता, एखाद्या ओळीत आटोपलेला आढळतो.

== प्रसार व अपयश ==

१९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेल्यावर अमेरिकेत विज्ञान-गणिताच्या शिक्षणाची चिंता वाढली व अध्यापन यंत्रांना अनुकूल वारे मिळाले. १९६० मध्ये व्हर्जिनिया राज्यातील रोअनोक येथे आठवीच्या ३४ मुलांनी नववीचे वर्षभराचे बीजगणित यंत्रांच्या साहाय्याने एका सत्रात पूर्ण केले. स्किनर तेथे गेले असता प्रयोगाचे प्रमुख ॲलन कॅल्व्हिन यांनी वर्गात मुद्दाम उडी मारून धप्पकन आवाज केला. एकाही मुलाने मान वर केली नाही.

कारखानदारांशी मात्र स्किनर यांचे जमले नाही. आयबीएम कंपनीने काही नमुने बनवले, पण उत्पादन केले नाही. १९५९ मध्ये रीम या कंपनीशी करार झाला, तोही रखडत गेला. विलंबाने ते त्रस्त होत. कंपन्यांना आधी बाजार हवा होता, तर स्किनर यांना आधी तपासलेले पाठ हवे होते. दरम्यान इतर प्रकाशकांनी न तपासलेल्या पाठांचा सुकाळ केला आणि विक्रेते दारोदार यंत्रे विकू लागले. नीरस, अतिसोप्या चौकटींना मुले कंटाळली. त्यातच, प्रत्येकाने आपल्या गतीने पुढे जावे ही कल्पना इयत्तांमध्ये बांधलेल्या शाळांना पेलणारी नव्हती. साठचे दशक सरता सरता लाट ओसरली. स्किनर यांनी आपली भूमिका १९६८ च्या 'द टेक्नॉलॉजी ऑफ टीचिंग' या पुस्तकात एकत्र केली.

== टीका व उत्तरकाळ ==

नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये 'व्हर्बल बिहेवियर' या ग्रंथाचे कठोर परीक्षण केले. मूल पूर्वी न ऐकलेली वाक्येही बोलते, याचा उलगडा प्रबलनाने होत नाही, हा त्यांचा आक्षेप वर्तनवादाला जड गेला. 'वॉल्डन टू' ही कादंबरी (१९४८) आणि 'बियाँड फ्रीडम अँड डिग्निटी' (१९७१) यांमुळे स्किनर माणसाचे स्वातंत्र्य नाकारतात असा आरोप झाला. डेबोरासाठी त्यांनी बनवलेल्या उबदार, काचेच्या पाळण्यावरून तर तिला पेटीत वाढवल्याच्या व तिने पुढे आत्महत्या केल्याच्या अफवा पसरल्या. त्या निखालस खोट्या होत्या. डेबोरा चित्रकार झाल्या आणि त्यांनी स्वतः या अफवांचे खंडन केले.

शिक्षणाच्या संदर्भातील आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. नॉर्मन क्राउडर यांनी शाखीय पाठ रचून चुकीच्या उत्तरालाही स्पष्टीकरण दिले. चूक टाळण्यापेक्षा ती समजून घेणे त्यांना महत्त्वाचे वाटले. जेमी कार्बोनेल यांनी १९७० मध्ये सादर केलेली 'स्कॉलर' ही संगणकप्रणाली दक्षिण अमेरिकेच्या भूगोलावर विद्यार्थ्याशी प्रश्नोत्तरे करी. आधीच लिहून ठेवलेल्या चौकटींना विषयाचे ज्ञान नसते, विद्यार्थ्याने विचारलेल्या अनपेक्षित प्रश्नाला त्या उत्तर देऊ शकत नाहीत, ही उणीव त्यांनी दाखवली व कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित अध्यापनाचा पाया घातला. सीमोर पॅपर्ट यांचा विरोध आणखी मूलगामी होता: यंत्राने मुलाला घडवण्याऐवजी मुलाने यंत्राला आज्ञा द्याव्यात. हे आक्षेप रास्त आहेत. विद्यार्थ्याचे कुतूहल स्किनर यांच्या चौकटीत मावत नव्हते. परंतु साधन विद्यार्थ्यांसमोर ठेवून, त्यांच्या चुका नोंदवून, साधनच दुरुस्त करण्याचा परिपाठ त्यांच्या टीकाकारांनाही सोडता आला नाही.

== अखेर ==

१९६८ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. १९७४ मध्ये ते हार्वर्डमधून निवृत्त झाले व त्यांनी तीन खंडांत आत्मचरित्र लिहिले. १९८९ मध्ये रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले. तरी १० ऑगस्ट १९९० रोजी बोस्टन येथे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अधिवेशनात त्यांनी भाषण केले व त्यावर आधारित लेखाचे काम अखेरपर्यंत चालू ठेवले. १८ ऑगस्ट रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. त्याच शहरातील माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.