राजवाड्यातील वादक सेवक : जोसेफ हायडन

युरोपातील जुन्या राजवाड्यांतून आज तिकीट काढून कोणासही ऐकता येणारे बैठकीचे वादन एके काळी यजमान व त्याचे मोजके पाहुणे यांच्यापुरतेच असे. दोन-चार वाद्यांच्या या संगीतास ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात. चेंबर म्हणजे दालन. त्यातील दोन व्हायोलिन, एक व्हियोला व एक चेलो अशा चौघांच्या रचनेस, म्हणजे ‘क्वार्टेट’ला, ज्याने प्रौढ रूप दिले, त्या जोसेफ हायडनचे निम्मे आयुष्य अशा दालनांच्या चाकरीत गेले.

३१ मार्च १७३२ रोजी ऑस्ट्रियातील रोराऊ गावी, गाड्यांची चाके घडविणाऱ्या कारागिराच्या घरी तो जन्मला. गोड गळ्यामुळे व्हिएन्नातील सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या गायकवृंदात त्यास स्थान मिळाले आणि आवाज फुटल्यावर ते गेले. मग शिकवण्या करून त्याने कसेबसे दिवस काढले.

१ मे १७६१ रोजी एस्टरहाझी या धनाढ्य हंगेरियन सरदारघराण्याशी त्याचा करार झाला. गणवेष व पांढरे मोजे घालावेत, केसांस पावडर लावावी, रोज दोन वेळा दालनाबाहेर उभे राहून वादनाविषयी मालकाची आज्ञा घ्यावी आणि त्याच्या अनुमतीवाचून दुसऱ्या कोणासाठी रचना करू नये, नकलाही देऊ नयेत! देवस्थानच्या सेवेकऱ्यांची कर्तव्ये नोंदविणारे जुने कागद ज्यांनी चाळले असतील, त्यांस ही भाषा अपरिचित वाटणार नाही. परंतु आपल्या वाजंत्र्याने वाजविलेला सूर आपल्याच मालकीचा, असे म्हणणारा कागद निदान माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही.

सरदार निकोलस स्वतः बॅरिटोन वाजवी. हे वाद्य गजाने वाजते आणि मानेमागील तारा अंगठ्याने छेडाव्या लागतात. मालकाच्या या हौसेखातर हायडनने शंभराहून अधिक त्रयी रचल्या. १७७२ सालच्या ‘फेअरवेल’ सिंफनीत एकेक वादक दिवा मालवून निघून जातो, ती कथा सर्वश्रुतच आहे. मला मात्र १७७९ सालचा नवा करार अधिक मोलाचा वाटतो. त्यातून मालकीचे ते कलम गळाले. दोनच वर्षांनी, १७८१ साली, हायडनने सहा नवे क्वार्टेट रचले आणि त्यांच्या हस्तलिखित प्रती वर्गणीदारांस देऊ करणारी पत्रे स्वतः धाडली. वीस वर्षे हजेरी दिलेल्या चाकराने हे करावे, यात केवढे धैर्य आहे!

१७९० साली निकोलस निवर्तला. वारसाने वाद्यवृंद मोडला, हायडनला निवृत्तिवेतन मिळाले आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तो लंडनला निघाला. तेथे तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोर त्याचे संगीत वाजले. त्यांच्या मोठ्या सभागृहासाठी १७९३ साली रचलेले क्वार्टेट मुद्दाम भारदस्त सुरावटींनी आरंभतात. दालनातल्या श्रोत्यांना शांत करण्यासाठी एवढा आवाज लागत नसे.

३१ मे १८०९ रोजी, नेपोलियनच्या फौजा व्हिएन्नात असताना, त्याचे निधन झाले. आयझेनश्टाट येथील एस्टरहाझी राजवाड्याचे मुख्य सभागृह आज ‘हायडन सभागृह’ म्हणून ओळखले जाते व तेथे मैफली होतात. १८२० साली त्याचा देह त्याच गावी आणण्यासाठी कबर उघडली, तेव्हा कवटी चोरीस गेल्याचे दिसले. ती देहाशेजारी ठेवली गेली १९५४ साली.