जेम्स पार्किन्सन: रस्त्यावरची चाल टिपणारा डॉक्टर आणि मेंदूतला ब्रेक

आज मोबाईल नाही, ॲप नाही. आज एका डॉक्टरची गोष्ट सांगतो, कारण ती मला फार उशिरा कळली.

माझ्या मामांना उंबरठा ओलांडता यायचा नाही. चांगले चालत यायचे आणि दारात आले की पाय चिकटल्यासारखे उभे राहायचे. जिना मात्र सरळ चढून जायचे. जिना चढता येतो आणि दार ओलांडता येत नाही, म्हणजे हे नाटक आहे, असं घरात सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं, आणि एकदा मी ते त्यांच्या तोंडावर बोललो. मामा गप्प राहिले. हा पार्किन्सन्स आहे, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो तो आजार आहे, हे वर्षभराने कळलं. हात फारसे थरथरत नव्हते, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हापासून मी या नावामागच्या माणसाबद्दल वाचायला लागलो.

हॉक्स्टनचा डॉक्टर

जेम्स पार्किन्सनचा जन्म ११ एप्रिल १७५५ चा, लंडनच्या हॉक्स्टन भागातला. वडील तिथलेच डॉक्टर. मुलाने तोच व्यवसाय धरला आणि त्याच वस्तीत आयुष्यभर चालवला.

माणूस मात्र एका जागी बसणारा नव्हता. सामान्य माणसाला मताचा अधिकार मिळावा म्हणून तो ओल्ड ह्यूबर्ट या टोपणनावाने पत्रकं लिहायचा. १७९४ मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाला नाटकगृहात विषारी बाणाने मारण्याचा कट केल्याचा आरोप त्याच्या संघटनेतल्या काही जणांवर आला, तेव्हा त्यालाही प्रिव्ही कौन्सिलपुढे साक्षीला उभं राहावं लागलं. पुढे त्याने जीवाश्मांवर तीन खंड लिहिले. १८०७ मध्ये लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतही तो होता.

आणि एक गंमत. त्याचं एकही खात्रीचं चित्र आज उपलब्ध नाही. इंटरनेटवर त्याच्या नावाने फिरणारे फोटो भलत्याच लोकांचे आहेत. तो १८२४ मध्ये वारला, तेव्हा माणसांचे फोटो काढणं सुरूच झालं नव्हतं!

सहा माणसं

१८१७ मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी, त्याने कंपवातावर एक छोटा निबंध छापला. त्यात फक्त सहा माणसांची हकिकत आहे. त्यातले दोघे त्याला रस्त्यात भेटले आणि त्याने त्यांची चौकशी केली. एकाला तर त्याने नुसतं लांबून पाहिलं.

हा लांबून पाहिलेला माणूस मला विसरता येत नाही. त्याचा नोकर समोर उभा राहून दोन्ही खांद्यांवर हात ठेवायचा. मग हा गृहस्थ पुढे-मागे हलून तोल सावरायचा, इशारा द्यायचा आणि एकदम पळत सुटायचा. नोकर बाजूला होऊन पुढे धावायचा, कारण साधारण वीस पावलांवर त्याला पडण्याआधी धरावं लागायचं. सुरुवात होत नाही, आणि झाली की थांबवता येत नाही. पार्किन्सनने हे नेमकं टिपलं. या लोकांची बुद्धी शाबूत असते, हेही त्याने लिहिलं. आमच्या घरात ते वाक्य कुणी वाचलेलं नव्हतं.

मेंदूत काय चालतं?

आता थोडं तांत्रिक. मेंदूचा बाहेरचा सुरकुत्यांचा थर म्हणजे कॉर्टेक्स. पाय उचल, हा विचार तिथे तयार होतो. आत खोलवर पेशींचे काही गठ्ठे असतात, त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. कॉर्टेक्स आपला बेत त्यांच्याकडे पाठवतो, तिथून तो थॅलॅमसला जातो आणि थॅलॅमसमधून परत कॉर्टेक्सकडे येतो. हे एक वर्तुळ आहे.

आता यातली मेख बघा. बेसल गँग्लियाचा बाहेर जाणारा निरोप मुळात थांब असा असतो. म्हणजे फायरवॉलसारखं: आधी सगळं बंद, मग हवं तेवढ्यालाच परवानगी. या परवानगीसाठी दोन मुख्य वाटा आहेत. सरळ वाट ब्रेक सैल करते, आडवळणाची वाट ब्रेक आणखी दाबते. डोपामिन हे रसायन पहिल्या वाटेला जोर देतं आणि दुसरीला आवरतं.

पार्किन्सन्समध्ये सबस्टँशिया नायग्रा या भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. त्यामुळे ब्रेक घट्ट बसतो. कॉर्टेक्समध्ये इच्छा असते, पण परवानगी मिळत नाही. आळस वेगळा आणि हे वेगळं.

मग जिना कसा चढता येतो? समोर पायरी दिसली की डोळ्यांकडून येणारी माहिती दुसऱ्या वाटेने हालचालीला मदत करते आणि बिघडलेल्या वर्तुळावरचा भार कमी होतो, असं मानलं जातं. सपाट जमिनीवर आणि दारात ती खूण मिळत नाही.

त्याची चूक

पार्किन्सनला यातलं काहीच माहीत नव्हतं. बिघाड मानेजवळच्या मज्जारज्जूत असावा, असा त्याचा अंदाज होता आणि तो चुकला. पण एकाही रुग्णाचं शवविच्छेदन आपण केलेलं नाही, हे त्याने लपवलं नाही. पुढच्यांनी शोध घ्यावा म्हणून त्याने हातातलं होतं ते छापलं. अर्ध्या शतकानंतर पॅरिसमध्ये शार्कोने या आजाराला त्याचं नाव दिलं, आणि सगळ्यांनाच कंप असतो असं नाही, हेही दाखवलं. १९१९ मध्ये त्रेतियाकॉफने सबस्टँशिया नायग्रातला बिघाड दाखवला. १९६० मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांना रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असल्याचं आढळलं. त्यातूनच लेव्होडोपा हे औषध आलं, जे मेंदूत जाऊन डोपामिन बनतं. पेशी मरणं त्याने थांबत नाही, पण ब्रेक सैल होतो.

मामांना औषधाने बराच फरक पडला. शिवाय फिजिओथेरपी करणाऱ्या ताईंनी दारापाशी जमिनीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवायला सांगितल्या. मी स्वतः चिकटवल्या. मामा पहिल्या पट्टीवर पाय ठेवून सरळ बाहेर गेले, आणि परत येऊन पुन्हा एकदा गेले. मी त्यांची माफी मागितली, तेव्हा ते म्हणाले की दुसरी पट्टी जरा वाकडी लागली आहे.

तुमच्या घरात कुणाची पावलं छोटी झाली असतील, चालताना एक हात हलत नसेल, अक्षर बारीक होत चाललं असेल, तर हात थरथरायची वाट बघू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. आणि तोपर्यंत त्या माणसाला आळशी म्हणू नका.