श्रीसंत गोरोबाकाका आणि अनाहत नाद

आपल्या कुंभार ज्ञातीचे भूषण श्रीसंत गोरोबाकाका यांचा जन्म परंपरेने इ. स. १२६७ सालचा मानतात. धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर हे त्यांचे गाव. प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनात ते तगर या नावाने आले आहे. १९५८ साली येथे उत्खनन झाले, आणि सातवाहनकालीन मृण्मय वस्तू आजही तेथील लामतुरे संग्रहालयात पाहावयास मिळतात. काकांच्या जन्मापूर्वी हजार वर्षे या गावची माती आकार घेत होती, हे ज्ञातिबांधवांनी एकदा तेथे जाऊन अवश्य पाहावे.

काकांचे नाव निघाले की मूल चिखलात तुडविले गेल्याची कथा प्रथम आठवते. नामाच्या तंद्रीत पायाखाली काय आले याचे भान त्यांस उरले नाही. पुढे पांडुरंगकृपेने मूल परत मिळाले, असा कथेचा शेवट आहे. परंतु कीर्तनकार त्या शेवटाकडे फार घाईने जातात, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पत्नी संतीचा आकांत, तिचा संताप आणि त्यानंतर त्या घरात पडलेला दुरावा हाही कथेचाच भाग आहे. अंतरीच्या आनंदात देहभान हरपणे ही थोर अवस्था खरी. तथापि तिचे मोल त्या माउलीने मोजले, हे विसरून चालणार नाही.

या अवस्थेचे शास्त्र त्या काळी महाराष्ट्रात नवे नव्हते. गहिनीनाथांपासून निवृत्तिनाथांस व त्यांजकडून ज्ञानदेवांस नाथपंथाचा योग लाभला. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे व हृदयाकाशातील अनाहताचे वर्णन आहे. दोन वस्तू एकमेकींवर आदळून उमटतो तो आहत नाद. आघातावाचून अंतरी ऐकू येतो तो अनाहत. साधक त्या नादाच्या मागे जातो, अंतर्ज्योतीचा प्रकाश अनुभवतो, आणि शेवटी नाद व प्रकाश दोन्ही जेथे विरतात तेथे पोहोचतो, असे योगी मानतात.

कुंभाराचा सारा व्यवहार आहत नादाशी. आव्यातून काढलेले मडके बोटाने वाजवावे. खणखणले तर पक्के, बद्द वाजले तर कच्चे किंवा तडकलेले. डोळ्यांस न दिसणारी चीर कानास कळते. तेरला संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी काकांस संतांची परीक्षा करावयास सांगितले. काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर हलकेच मारले. बाकीचे शांत राहिले. नामदेव मात्र रागावले. मडके कच्चे ठरले. वास्तविक नामदेव पंढरीरायाचे लाडके, त्यांस कच्चे म्हणण्याचे धैर्य कोणास होते? या निर्णयानंतरच ते औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले व गुरूपदेश पावले. योग्यांच्या सभेत परीक्षकाचे आसन ज्ञानदेवांस नव्हे, हाताला चिखल लागलेल्या आपल्या काकांस मिळाले, ही गोष्ट आपल्या मुलांस मुद्दाम सांगावी.

काकांच्या नावावर मोजकेच अभंग आहेत. त्यांत सगुणाच्या संगतीने निर्गुणाची भेट झाल्याचा अनुभव आहे, आणि तो बोलून दाखविता येत नाही ही कबुलीही आहे.

शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७ मध्ये, चैत्र वद्य त्रयोदशीस ते समाधिस्थ झाले, असे परंपरा सांगते. समाधी तेर येथेच आहे. चैत्र वद्यात तेथे यात्रा भरते.