मालकाशिवाय चालणारा कारखाना : लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो कसा उभा केला?

मालक पंधरा दिवस आजारी पडला तर धंद्याचं काय होतं? बहुतेक छोट्या धंद्यांत चेकवर सही त्याचीच, भाव तोच ठरवणार, उधारी कुणाकडे किती हेही त्याच्याच डोक्यात. त्यामुळे तो अंथरुणाला खिळला की धंदाही खिळतो.

किर्लोस्कर म्हटलं की लोखंडी नांगर आठवतो. लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकऱ्यांनी तो आधी घेतलाच नाही, हा किस्साही आपण शाळेपासून ऐकतो. लक्ष्मणरावांनी धंदा स्वतःच्या एकट्याच्या खांद्यावर राहू दिला नाही, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

त्यांचा जन्म १८६९चा, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुढे व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. याच काळात किर्लोस्कर बंधूंचा सायकलचा धंदा सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईतून सायकली पाठवायचे आणि थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे, लोकांना चालवायलाही शिकवायचे. म्हणजे एक भाऊ गावात नसतानाही दुकान चालू होतं. नोकरीत हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा राजीनामा देऊन लक्ष्मणराव बेळगावला परतले. मग कडबा कापायची यंत्रं आली, नांगर आले.

बेळगाव नगरपालिकेला ती जागा हवी होती म्हणून कारखाना हलवायची वेळ आली. औंधच्या राजांनी, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कर्ज दिलं आणि कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ दिला. साल १९१०. तिथे निवडुंग आणि साप सोडून फारसं काही नव्हतं. हीच पुढची किर्लोस्करवाडी.

इथे लक्ष्मणरावांनी माणसं कशी नेमली ते बघण्यासारखं आहे. वसाहतीची आखणी आणि कारभार रामूअण्णांकडे. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले आणि मुख्य हिशेबनीस झाले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक इंजिनिअर निघाले. राखणीला तर दरोड्याची शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली! जाहिरात आणि छपाई पुतणे शंकरराव यांच्याकडे गेली. त्यातूनच १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, जे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून घरोघरी पोचलं. स्वतः लक्ष्मणरावांचा जीव यंत्रांत. पैशाची वही एकाकडे, वर्कशॉप दुसऱ्याकडे, विक्री तिसऱ्याकडे अशी वाटणी झाली की कुठल्याच एका माणसावाचून सगळं अडत नाही.

दुसरी मोठी गोष्टही १९२०चीच. भावांचा धंदा ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ झाला. आता यात एवढं काय, असं वाटेल. पण भागीदारीत घरचा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवायला सहसा कुणी भाग पाडत नाही, आणि भागीदार गेला की वाटण्यांचा प्रश्न उभा राहतो. लिमिटेड कंपनी कायद्याने मालकापासून वेगळी असते. तिला संचालक मंडळ लागतं. पब्लिक कंपनीला तर १९१३च्या कंपनी कायद्याप्रमाणे दरवर्षी हिशेब तपासून घेऊन भागधारकांच्या सभेपुढे ठेवावे लागत. ज्याने माळरानावर सगळं स्वतः उभं केलं, त्याने ते असं चारचौघांना तपासू देणं सोपं नव्हतं.

अर्थात सगळं आदर्श होतं असं नाही. महत्त्वाच्या खुर्च्यांवर बरीचशी माणसं घरचीच होती. आजच्या भाषेत ‘इंडिपेंडंट डायरेक्टर’ म्हणतात तसं फार काही तिथे शोधू नये. पण निदान पुढच्या पिढीची तयारी नीट झाली. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून १९२६ मध्ये परतला आणि वडील असतानाच जबाबदाऱ्या घेऊ लागला. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिन्स आणि बंगळूरला इलेक्ट्रिक. प्रत्येक कंपनी वेगळी, तिचा कारभारही वेगळा.

खरी परीक्षा १९४८ मध्ये झाली. गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळण्यात आला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. सगळं एकाच माणसाच्या हातात आणि एकाच जागी असतं, तर त्या वयात नव्याने सुरुवात कुणी केली असती? पण पुणे, बंगळूर आणि हरिहरचं काम आपापल्या जागी उभं होतं, आणि वाडीचा कारखानाही पुन्हा उभा राहिला.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. कुंडल रोड स्टेशनचं नाव आता किर्लोस्करवाडी आहे आणि तिथल्या कारखान्यात आजही पंप बनतात.